बिंदू क्रमांक ३१७

दशांशचिन्ह नेमकं बिंदूवर बसलं पाहिजे,
एवढं एकच कलशेट्टी सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.
४५८ डावीकडे, २१० उजवीकडे,
आणि मधलं टिंब म्हणजे
इराप्पाने खरोखर जिथे काठी टेकवली ती जागा.
टिंब सरकलं की जमीन सरकली.

सात रस्त्याजवळचं ऑफिस, दुसरा मजला.
कूलरमध्ये सकाळी ओतलेलं पाणी अकरालाच संपतं.
मी पूर्व भागातल्या एका बारा मीटर रस्त्याच्या
लेव्हल लिहिते आहे.
खरं तर लिहीत नाही.
लिहायचे ते चडचणकर काका, एकेक आकडा टाईप करून.
खालची जमीन बदलली तरी त्यांचे आकडे तसेच राहायचे,
रेशनकार्डावर वारलेल्या माणसाचं नाव राहतं तसे.
आता लेबल जमिनीला बांधलेलं असतं.
जमीन उचलली की आकडा चढतो,
लेबल उचलून दुसरीकडे ठेवलं तर तिथली उंची सांगतो,
बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही.

चारशे बावीस बिंदू.
गर्दी झाली की आकडे एकमेकांच्या अंगावर चढतात.
मग एकेकाला बाजूला घ्यायचं,
मागे बारीक रेघ सोडायची,
जत्रेत पोराचं मनगट धरतात तशी.

दुपारी तीनशे सतराव्या बिंदूभोवती
कंटूर गोल फिरू लागल्या.
आजूबाजूला सगळं अठ्ठावन्न पॉइंट दोन, पॉइंट तीन,
आणि हा एकटाच ४५७.५८०.
एकात एक सात वर्तुळं.
सर मागून म्हणाले, "चुकीचा शॉट. उडव."

इराप्पाला फोन लावला.
तो रसाच्या गाड्यावर होता, चरकाची घुंगरं ऐकू येत होती.
"मॅडम, भिंत पडलेलं घर हाय तिथं. छप्पर नाय.
मधी खड्डा हाय बगा, चौकोनी, कडेला शहाबादी.
खड्डा दिसला म्हणून काठी लावलो.
लावायचं नव्हतं काय?"

चौकोनी.
किती खोल ते मी विचारलं नाही.
पडद्यावर होतंच, सत्तर सेंटिमीटर.
बसलेल्या माणसाच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत,
आणि खाली पावड्यांसाठी वीतभर.

आमच्या घरातही होता. नान्ना त्याला गुंट म्हणायचे.
मग्गासमोर काठावर बसायचे,
पाय आत, डावी पावडी, उजवी पावडी,
आणि वर फक्त कमरेपासूनचा माणूस.
शाळेत 'माझे बाबा' चित्र काढलं तेव्हा
मी पाय काढलेच नव्हते.
बाईंनी लाल पेनाने काढून दिले.

मग पॉवरलूमची पाळी लागली,
मग्ग भंगारात गेला,
गुंटीत विटांचे तुकडे, राख, वर फरशी.
तिथे आता फ्रिज आहे.

सरांना सांगितलं, शॉट बरोबर आहे. खड्डाच आहे.
"मग ठेव," ते म्हणाले, "भरावात धर."
धरला.
तक्त्यात नवी ओळ आली नाही,
एकूण मुरूम शून्य पॉइंट सात घनमीटरने वाढला.
दोन हातगाड्यासुद्धा नीट भरणार नाहीत कदाचित,
मला हातगाडीचं माप ठाऊक नाही.

त्याच्या लेबलावर तिघांचे आकडे चढत होते.
तिघांना बाजूला ओढलं, रेघा सोडल्या.
याला हलवलं नाही.
टिंब खड्ड्याच्या मधोमध,
वरच्या थरात रस्त्याची लेव्हल, ४५८.६५०,
दोन्ही छापली.

घरी गेले तर फ्रिजचं दार पुन्हा आपोआप उघडत होतं.
खालचा पुठ्ठा काढला,
एक घडी वाढवून परत सरकवला.
नान्ना खाटेवरून म्हणाले, "अजून खचतंय का ते?"
मी म्हटलं, "हो. तीन मिलिमीटर."
त्यांनी बसल्या बसल्या पाय खाली सोडले,
आणि जमीन लागेपर्यंत
जरा थांबले.